वाकवलेला स्टड किती सांगतो?

जयपूरहून आग्ऱ्याच्या दिशेने निघाले की सुमारे पंधरा किलोमीटरवर कानोता लागते. गढी आणि धरण यांसाठी ओळखले जाणारे हे गाव. राष्ट्रीय महामार्ग २१ आणि जयपूर–बांदीकुई लोहमार्ग दोन्ही याच परिसरातून जातात, आणि रस्ता व रूळ असे जवळजवळ चालले की आज ना उद्या एकाला दुसऱ्यावरून न्यावेच लागते. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची सगळी फाटके जानेवारी २०१९ अखेर बंद झाली. पहाऱ्याच्या फाटकांच्या जागी उड्डाणपूल किंवा भुयारी रस्ते करण्याचे काम देशभर चालू आहे. अशा उड्डाणपुलाचा रुळांवरचा गाळा बहुतेक वेळा पोलादी गर्डरचा असतो आणि वर काँक्रीटचा स्लॅब असतो. याचे कारण साधे आहे: गाड्या थांबवून काम करायला मिळणारा ब्लॉक तासांत मोजला जातो. तेवढ्यात तयार गर्डर चढवता येतो, पण रुळांवर महिनाभर टेकू उभे ठेवता येत नाहीत. आरडीएसओ या रेल्वेच्या लखनौमधील संशोधन व संकल्पन संस्थेने अशा संयुक्त गर्डरची प्रमाणित रेखाचित्रेच करून ठेवली आहेत. पुलाची चर्चा होते तेव्हा गर्डरच्या वजनाची होते, ब्लॉकच्या तासांची होते, उद्‌घाटनाच्या तारखेची होते. गर्डरवर वेल्ड केलेला, गर्डर आणि स्लॅब यांना एकजीव करणारा बोटभर उंचीचा स्टड मात्र एकदा काँक्रीटखाली गेला की पुलाच्या आयुष्यात पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. म्हणून त्याची परीक्षा काँक्रीट पडण्याआधी कशी होते, आणि ती पुरेशी आहे का, हा प्रश्न स्वतंत्रपणे तपासण्याजोगा आहे.

गर्डरवर स्लॅब नुसता ठेवला तर ओझ्याखाली दोघे आपापले वाकतात आणि मधल्या सांध्यावर एकमेकांवरून सरकतात. ही सरकण अडवली की दोघांची मिळून एक खोल तुळई होते, वाकणे कमी होते आणि पोलादही कमी लागते. सरकण अडवण्याचे काम स्टडचे. पुलांवर सर्रास वापरला जाणारा १९ मिमी व्यासाचा स्टड घ्या. त्याच्या पोलादाची किमान ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला ४५० न्यूटन धरली जाते. युरोपीय संहितेच्या सूत्रात ही संख्या घातली आणि काँक्रीट पुरेसे भक्कम असले, तर एका स्टडची आडव्या कातर बलाविरुद्धची संकल्पित ताकद सुमारे ८२ किलोन्यूटन येते, म्हणजे आठ टनांच्या आसपास. आपल्याकडची आयआरसी:२२ची २०१५ची आवृत्ती आणि २०२२ साली सुधारलेली आयएस ११३८४ ही दोन्ही मानके याच विचाराची. आता हिशेबासाठी ३६ मीटरचा गाळा, पाच गर्डर, एका ओळीत तीन स्टड आणि ओळींमध्ये २०० मिमी अंतर धरा. एका गाळ्यावर २७०० स्टड बसतात. प्रत्येक जोड वेगळा, प्रत्येक जोड एका सेकंदाच्या आत झालेला, आणि शंभर वर्षांचे आयुष्य मनात धरून केलेला.

हा एक सेकंद जवळून पाहिल्याशिवाय परीक्षेचा प्रश्न कळत नाही. स्टडच्या टोकाला ॲल्युमिनियमचा छोटा मणी बसवलेला असतो. तो ठिणगी स्थिर ठेवतो आणि वितळलेल्या पोलादातला ऑक्सिजन शोषून घेतो. वेल्डिंगच्या गनमध्ये स्टड लावायचा, त्याच्या पायाशी सिरॅमिकची फेरूल बसवायची, गन गर्डरच्या वरच्या फ्लँजवर सरळ दाबून धरायची आणि घोडा ओढायचा. गन स्टडला दोन-तीन मिलिमीटर वर उचलते, मध्ये आर्क पेटतो, स्टडचे टोक आणि खालची प्लेट दोन्ही वितळतात, आणि ठरलेली वेळ संपताच स्प्रिंग स्टडला त्या वितळलेल्या डबक्यात दाबते. बाहेर ढकललेले पोलाद फेरूलच्या साच्यात थिजून स्टडभोवती कडे धरते, त्याला कॉलर म्हणतात. मग फेरूल फोडून टाकायची. १९ मिमी स्टडसाठी ढोबळ नियमाने करंट १७०० अँपिअरच्या घरात आणि वेळ पाऊण सेकंद. जोड नीट झाला असेल तर स्टडची उंची सुमारे पाच मिलिमीटरने कमी झालेली असते, आणि ही घट स्वतःच एक पुरावा आहे: उंची कमी झाली नाही तर पुरेसे वितळलेच नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मेअर आयलंडच्या नौदल गोदीत टेड नेल्सन यांनी ही गन जहाजाच्या डेकवर लाकूड बसवण्याच्या कामासाठी घडवली ती वेग मिळावा म्हणून. तो वेगच आज परीक्षेची अडचण झाला आहे. हाताने केलेल्या वेल्डमध्ये वेल्डर डबक्याकडे पाहत हात सुधारू शकतो. इथे घोडा ओढल्यावर माणसाच्या हाती काहीच उरत नाही, सगळे आधी लावलेल्या सेटिंगवर अवलंबून.

पहिली परीक्षा डोळ्यांची, आणि ती जितकी स्वस्त तितकीच बोलकी आहे. कॉलर सगळीकडून सारखी, चकचकीत निळसर आणि तीनशेसाठ अंशांत अखंड असेल तर जोड बहुधा चांगला. ती एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला गायब असेल तर आर्क चुंबकीय ओढीने एका बाजूला सरकला होता, म्हणजे अर्थिंगचे क्लँप एकाच बाजूला होते किंवा स्टड फ्लँजच्या काठाजवळ होता. ती ठेंगणी, राखाडी आणि काटेरी असेल तर ऊर्जा कमी पडली किंवा फेरूल ओली होती. पोलाद बाहेर फेकले जाऊन थेंब उडाले असतील आणि स्टडची मान कोरली गेली असेल तर ऊर्जा जास्त झाली किंवा दाब फार जोरात बसला. इथे एक गैरसमज नेहमी आढळतो. नवा तपासनीस कॉलरला फिलेट वेल्डसारखी मोजायला जातो आणि तिच्या उभ्या बाजूला बारीक फट दिसली की स्टड नापास करतो. अमेरिकी संहिता एडब्ल्यूएस डी१.१ स्पष्टच म्हणते की कॉलरच्या उभ्या बाजूला थोडे न जुळलेले चालते, आकसण्याच्या बारीक भेगाही चालतात. कारण भार वाहणारा जोड कॉलर नसून तिच्या आतला, स्टडच्या पूर्ण तळावरचा जोड आहे. कॉलर ही त्या जोडाची साक्षीदार, आणि साक्षीदार खरा असला तरी त्याने आतले सगळे पाहिलेले नसते. प्लेटवर रंग राहिला असेल किंवा जस्ताचा थर असेल तर वाफ आत अडकून छिद्रे पडतात आणि बाहेरची कॉलर बरी दिसू शकते.

म्हणून दुसरी परीक्षा घणाची. एडब्ल्यूएस डी१.१ प्रमाणे प्रत्येक दिवसाच्या किंवा शिफ्टच्या सुरुवातीला, आणि स्टडचा आकार अथवा सेटिंग बदलले की, पहिले दोन स्टड लावून पाहायचे. कॉलर पूर्ण हवी, आणि घण मारून किंवा पाइप घालून स्टड मूळ अक्षापासून ३० अंश वाकवला तरी जोड तुटता कामा नये. तुटला तर सेटिंग दुरुस्त करून पुन्हा दोन, असे लागोपाठ दोन उतरेपर्यंत. प्रत्यक्ष कामात ज्याची कॉलर अपुरी दिसेल तो स्टड, कॉलर जिथे नाही त्याच्या उलट दिशेला, १५ अंश वाकवायचा. टिकला तर तसाच वाकडा ठेवायचा, सरळ करायची गरज नाही. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १४५५५ अधिक कडक आहे: फेरूलने लावलेल्या स्टडला ते ६० अंश वाकवते, आणि कार्यपद्धती मान्य करून घेताना ताण परीक्षा, कापून पाहण्याची मॅक्रो तपासणी वगैरे जोडते. वाकवण्याच्या परीक्षेचे मोल कमी लेखू नये. ती एकाच घावात जोडाची ताकद आणि लवचीकपणा दोन्ही पाहते. मोड कुठे पडला तेही सांगते: स्टडच्या दांड्यात पडला तर जोड निर्दोष, जोडाच्या पृष्ठभागावर छिद्रे दिसली तर फेरूल किंवा पृष्ठभाग दोषी, आणि तापलेल्या पट्ट्यात ठिसूळ, चकाकता मोड पडला तर पोलाद झटकन थंड होऊन कडक झाले, म्हणजे प्लेटच्या रसायनाकडे किंवा आधी तापवण्याकडे पाहायला हवे. वाकवल्याने स्टड कमजोर होतो अशी भीती घालणारे कंत्राटदार भेटतात. स्टडचे पोलाद कमी कार्बनचे आणि मुद्दाम लवचीक घेतलेले असते, आणि काँक्रीटमध्ये तो वाकडा राहिला तरी संहिता त्याला पूर्ण गणते. ही भीती निराधार आहे.

पण या परीक्षेने न वाकवलेल्या स्टडबद्दल काय कळते? आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि ती बरोबर असते, कारण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. गर्डरवरचा प्रत्येक स्टड मात्र आपापल्या वेगळ्या आचेवर शिजतो. एका स्टडवरून दुसऱ्याबद्दल बोलायचे तर दोन्हींच्या वेळी आच सारखी होती याचा पुरावा लागतो. तो पुरावा नसेल तर नमुन्याचे गणित फार दुबळे ठरते. वर घेतलेल्या २७०० स्टडांमध्ये समजा एका दुपारी ६० स्टड लागोपाठ बिघडले. शंभरात एक या प्रमाणाने कुठलेही २७ स्टड निवडून वाकवले, तर त्या साठांपैकी एकही हाती न लागण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के आहे. म्हणजे अर्ध्याहून अधिक वेळा साठ खराब स्टडांची रांग तपासणीतून साफ निसटेल, आणि कागदावर ‘२७ पैकी २७ पास’ लिहिले जाईल. हा दोष तपासनिसाचा नाही. पद्धतीलाच जे दिसत नाही ते तिच्याकडून पाहिले जाईल, अशी अपेक्षा चुकीची आहे. माझे म्हणणे नेमके एवढेच आहे: स्टडच्या जोडाची गुणवत्ता नंतरच्या परीक्षेने ठरवायची सवय आपण सोडायला हवी. परीक्षेचा खरा उपयोग प्रक्रिया जागेवर आहे की नाही हे पाहण्यासाठी, आणि प्रत्येक जोडाचा पुरावा म्हणजे त्या क्षणाचा करंट, वेळ आणि उचल यांची नोंद.

बिघाड रांगेने येतात हे मी गृहीत का धरतो, असे कुणी विचारेल. कारण बिघाडाची जी कारणे आहेत ती एकेका स्टडला गाठणारी नाहीत. फेरूलचे खोके रात्रभर उघडे राहिले तर त्या खोक्यातली प्रत्येक फेरूल ओलसर. दवाने किंवा पावसाने भिजलेल्या फेरूल १२० अंश सेल्सिअसवर दोन तास भट्टीत वाळवाव्यात असे एडब्ल्यूएस सांगते, आणि भट्टी साइटवर नसेल तर ते फक्त वाचायचे राहते. कानोत्याची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी, पण पूर्व राजस्थानात जानेवारीच्या पहाटे धुके आणि दव पडते, आणि रात्रभर गारठलेल्या जाड फ्लँजवर ओल धरते. संहितेतली शून्य अंशाखालच्या थंडीत जादा स्टड तपासण्याची अट इथे क्वचितच लागू होईल. दवाची अट मात्र प्रत्येक हिवाळ्यात लागू होते. कोकणात चित्र उलटे: चार महिने पाऊस आणि समुद्राची खारी हवा, सकाळी शॉट ब्लास्ट केलेली प्लेट संध्याकाळपर्यंत तांबूस. दोन्ही ठिकाणी ओलीची वेळ ठरावीक असते आणि त्या वेळेत लावलेला प्रत्येक स्टड तिच्या तावडीत सापडतो. विजेचेही तसेच. गर्डरवर चढवलेल्या गनपर्यंत केबल ओढत न्यावी लागते. ९५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या ५० मीटर केबलचा रोध सुमारे ०.००९ ओहम. १७०० अँपिअरला त्यातच १५ व्होल्ट खर्ची पडतात, आणि परतीची केबल तेवढीच लांब असेल तर ३०. आर्कला स्वतःला लागतात तेही तीसच्या आसपास. यंत्र ही तूट काही मर्यादेपर्यंत भरून काढते. जनरेटर कमी ताकदीचा असेल, त्याच्यावर ग्राइंडर आणि दुसरी वेल्डिंग यंत्रेही चालू असतील, किंवा केबल गुंडाळीतच ठेवली असेल, तर ती मर्यादा ओलांडली जाते आणि पुढचा प्रत्येक स्टड कमी आचेवर लागतो.

इथेच सकाळच्या दोन स्टडांच्या परीक्षेतली एक पळवाट दिसते. संहिता चाचणी प्लेट कामातल्या प्लेटसारखीच आणि जाडीत २५ टक्क्यांच्या आत मागते. पण ती प्लेट कुठे ठेवावी हे साइटच्या सोयीने ठरते, आणि सोय नेहमी यंत्राशेजारी असते. यंत्राशेजारी, आखूड केबलवर, सपाट जागी, ताज्या खोक्यातली फेरूल लावून केलेले दोन स्टड ३० अंश सहज वाकतात. मग गन ५० मीटर लांब, तिरक्या गर्डरच्या काठावर जाते. सकाळची परीक्षा आणि दुपारचे काम यांचा संबंध तुटतो, आणि कागदावर मात्र तो जुळलेला असतो. चाचणी प्लेट त्या दिवशी गन जिथवर जाणार त्या सर्वांत दूरच्या टोकाला ठेवा, ही एक ओळ तपासणीच्या आराखड्यात घातली तर तिचा खर्च शून्य आहे आणि तिची किंमत भट्टीइतकी आहे.

पहिला आक्षेप अभियंत्यांकडून येतो आणि तो वजनदार आहे. हजारो स्टड असताना काही निकामी झाले तर बिघडते काय? स्टड लवचीक असतात, जास्त ताण आलेला थोडा सरकतो आणि भार शेजाऱ्यांवर वाटला जातो. या वाटपावरच तर संकल्पन उभे आहे. ऑल्गार्ड, स्लटर आणि फिशर यांनी लीहाय विद्यापीठातल्या ४८ ढकल-चाचण्यांवरून १९७१ साली मांडलेल्या सूत्रांमागे हीच समज होती, आणि युरोपीय संहिता स्टडला लवचीक मानण्यासाठी किमान ६ मिलिमीटर सरकण मागते. पण या आक्षेपातच त्याचे उत्तर आहे. सहा मिलिमीटर सरकतो तो चांगल्या जोडाचा स्टड. त्याच्या दांड्याचे पोलाद ताणले जाते म्हणून तो सरकतो. ज्याचा तळच नीट जुळलेला नाही तो सरकत नाही, तो तुटून मोकळा होतो. म्हणजे खराब जोड पोटात घालण्यासाठी ज्या गुणावर भिस्त ठेवायची तो गुण खराब जोडात नसतोच. शिवाय साठ स्टडांची रांग गेली तर शेजारी म्हणून कोण उरतो? विखुरलेले एक टक्का दोष पुलाला पचतात, हे मला मान्य आहे. सलग वीस ओळींचा दोष पचतो असे म्हणणाऱ्याने तसा हिशेब करून दाखवावा. दुसरे, पुलावर फटीग असतो, म्हणजे लाखो वेळा येऊन जाणाऱ्या ओझ्याने पोलादाला येणारा थकवा. स्टडच्या थकव्याच्या आलेखाला युरोपीय संहिता आठव्या घाताचा उतार देते. साध्या भाषेत, शेजाऱ्याच्या चुकीमुळे एखाद्या स्टडवरचा आवर्ती ताण फक्त दहा टक्क्यांनी वाढला तर त्याचे आयुष्य निम्म्याहून कमी होते. स्थिर ओझ्याखाली दिलदार वाटणारी व्यवस्था आवर्ती ओझ्याखाली फार हिशेबी असते.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा: मग प्रत्येक स्टडची अल्ट्रासॉनिक किंवा रेडिओग्राफी का करू नये? रेडिओग्राफीला फिल्म किंवा डिटेक्टर फ्लँजच्या खाली, किरण वरून, आणि मध्ये स्टडची पूर्ण उंची. २७०० वेळा हे करायचे तर पुलाचे काम किरणोत्साराच्या कुंपणात अडकून पडेल. अल्ट्रासॉनिकमध्ये डोक्यावरून ध्वनी सोडता येतो, पण जोड फारच पातळ, भोवती कॉलरचा ओबडधोबड आकार, आणि डोक्याच्या कडांवरून उलटणारे प्रतिध्वनी. अनुभवी माणसाला प्रयोगशाळेत जे वाचता येते ते गर्डरवर दुपारच्या उन्हात भरवशाने वाचता येईलच असे नाही. ही साधने कार्यपद्धती ठरवताना आणि वादग्रस्त जागा निश्चित करताना वापरावीत, एवढेच त्यांचे योग्य स्थान. हातोडीने टिचकी मारून आवाज ऐकण्याची जुनी पद्धत मात्र मी टाकाऊ मानत नाही. खणखणीत वाजणारा स्टड चांगला असेलच असे नाही, पण बद्द वाजणारा नक्की संशयित असतो, आणि एका माणसाला तासाभरात शेकडो स्टड ऐकता येतात.

प्रत्येक जोडाची नोंद ठेवणे शक्य आहे का, या शंकेचे उत्तर पुण्याजवळच्या चाकणच्या वाहन-पट्ट्यात मिळते. मोटारीच्या जेमतेम मिलिमीटरभर पत्र्यावर वायरिंग आणि नळ्या अडकवायला बारीक स्टड लावतात, तेही आर्कनेच, पण सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात. आधुनिक वाहन-कारखान्यांत गनचा नियंत्रक प्रत्येक जोडाचा करंट, व्होल्टेज, वेळ आणि उचल मोजतो, ठरलेल्या पट्ट्याबाहेर काही गेले तर लगेच सांगतो, आणि तो स्टड कुठल्या गाडीवर होता तेही नोंदवतो. तिथेही स्टड उखडून पाहण्याच्या परीक्षा होतात, पण त्या यंत्राचे डोळे तपासण्यासाठी. वायरिंगची एक क्लिप धरणाऱ्या स्टडची एवढी काळजी, आणि आठ टन पेलायच्या स्टडला फक्त कॉलरकडे पाहून सोडायचे, ही तफावत तंत्रज्ञानाच्या अभावाने आलेली नाही. आज मिळणाऱ्या इन्व्हर्टर यंत्रांत करंट आणि वेळ मोजण्याची सोय असते, अनेकांत साठवण्याचीही असते. आयएसओ १४५५५ मध्ये उत्पादनाच्या नोंदवहीची अट आहेच. उरतो प्रश्न निविदेत ती मागितली जाते का याचा. ती मागितली नाही तर छोटा कंत्राटदार जुने ट्रान्सफॉर्मर यंत्र भाड्याने आणणार आणि त्याला दोष देता येणार नाही. ज्यांना गन परवडतच नाही ते स्टड साध्या इलेक्ट्रोडने भोवती फिलेट वेल्ड करून लावतात. अमेरिकी संहिता त्याला अटींसह परवानगी देते, पण मग तो वेगळा जोड झाला: त्याला फिलेटचे माप, वेल्डरची पात्रता आणि पृष्ठभागाची भेग-तपासणी लागते. गनच्या स्टडचे नियम त्याला लावून ‘कॉलर पूर्ण’ लिहिणे निरर्थक आहे.

तिसरा आक्षेप आपल्या अनुभवातून येतो: नोंदी आपल्याकडे एका बैठकीत भरल्या जातात. हे खोटे म्हणण्याची सोय नाही. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला, तेव्हा त्याआधीच्या संरचनात्मक तपासणीत तो किरकोळ दुरुस्तीच्या गटात होता. कागद आणि पूल यांत किती अंतर पडू शकते ते तिथे दिसले. पण यावरून कागद टाकून द्यावा असा निष्कर्ष निघत नाही. दोन स्वतंत्र पुरावे एकमेकांवर लावून पाहावेत असा निघतो. यंत्राच्या आठवणीतली वेळ-शिक्क्याची नोंद एक, आणि गर्डरवर वाकडा उभा असलेला स्टड दुसरा. यंत्राने दुपारी तीन ते चार करंट खाली गेल्याचे दाखवले तर त्या तासाच्या ओळी खडूने खुणा करून मिळाल्या पाहिजेत, आणि तिथले स्टड नमुन्याने नव्हे तर एकूण एक वाकवून पाहिले पाहिजेत. नमुना यादृच्छिक घेण्यापेक्षा संशयाच्या जागी घेतला तर तेच २७ घाव कितीतरी अधिक सांगतात: शिफ्टचा पहिला आणि शेवटचा स्टड, जेवणानंतरचा पहिला, नव्या खोक्यातली पहिली फेरूल, केबल सर्वांत लांब गेलेली जागा, फ्लँजचा काठ. गर्डरच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक स्टड वाकवला आणि दोन्ही टिकले, शिवाय मधल्या नोंदी पट्ट्याच्या आत असल्या, तर मधल्यांबद्दल काही म्हणता येते. तेव्हाच शितावरून भात ओळखता येतो.

घाईचा दबाव मोठा असतो हे मान्य करावे लागते. अंधेरीच्या गोखले पुलाचा काही भाग ३ जुलै २०१८ रोजी कोसळला, पूल ७ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाला, २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंशतः आणि ११ मे २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. त्या काळात पश्चिम उपनगरातल्या लाखो माणसांनी रोज जे सोसले त्याचा विचार केला तर स्लॅब ओतायला एक दिवस उशीर कर म्हणणाऱ्या तपासनिसाची बाजू किती कठीण असते ते कळते. म्हणून त्याचा अधिकार व्यक्तीच्या हिमतीवर न सोडता क्रमात बांधायला हवा. ज्या गर्डरच्या सर्व ओळींची यंत्रनोंद, सकाळच्या चाचणीचे वाकवलेले स्टड आणि संशयित ओळींचा नकाशा ठेकेदार आणि तिऱ्हाईत तपासनीस या दोघांच्या सहीने जमा झाला नाही, त्याच्यावर सळई बांधायला परवानगी नाही, असे निविदेतच लिहावे. सळईची जाळी बांधल्यावर स्टडपर्यंत घण पोचत नाही आणि काँक्रीट ओतल्यावर डोळाही पोचत नाही. म्हणून ही रोखण्याची जागा सळईच्या आधीचीच असायला हवी, काँक्रीटच्या आधीची ठेवली तर उशीर झालेला असतो. नापास स्टड काढायचा कसा हेही आधीच ठरलेले असावे: फ्लँज दाबाखाली असेल तिथे शेजारी नवा स्टड चालतो, ताणाखाली असेल तिथे जुना काढून, प्लेट उचकटली असल्यास कमी हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडने भरून आणि ग्राइंडरने सपाट करूनच नवा लावायचा. सततच्या गाळ्यांत मधल्या खांबावर वरची फ्लँज ताणाखाली येते, आणि तिथे लावलेला प्रत्येक स्टड स्वतः फ्लँजच्या थकव्याची सुरुवात होऊ शकतो. यासाठीच युरोपीय संहिता अशा ठिकाणी स्टडचा व्यास फ्लँजच्या जाडीच्या दीडपटीपर्यंत मर्यादित ठेवते. कानोत्याजवळ उद्या असा पूल झाला आणि मधल्या खांबावर १२ मिमीच्या फ्लँजवर १९ मिमीचा स्टड दाखवलेला नकाशा आला, तर साइटवरच्या कुठल्याही घणाआधी तो नकाशाच परत पाठवावा लागेल.